चाळिसाव्या पानावरचं टिंब

जरा जवळ सरका. एक डोळा स्टोव्हवरच्या दुधाकडं आणि एक या पुरवणीकडं, असं वाचणार असाल तर सरळ नंतर वाचा, मी काही पळून जात नाही. तुम्हा लोकांची ही खोडच आहे. चार ओळी वरच्या वाचायच्या, चार खालच्या, आणि 'कुणीतरी बाई गेली वाटतं' म्हणून पान उलटायचं. माणूस असा वरून-खालून वाचून कळत नाही. मीही एका माणसाला असंच अर्धं वाचून ठेवून दिलं होतं, म्हणून बोलते. तर दूध उतरवून या, आणि मग बसा.

इंदू गेल्याचं मला आकुर्डीत नळावर कळलं. चिंचवडगावात माहेर असलेली एक शेजारीण हंडा उचलता उचलता म्हणाली, "पारूबाई, तुमच्या त्या मैत्रीण होत्या ना, रामभाऊंच्या मंडळी… काल गेल्या." आणि माझ्या मनात पहिलं काय यावं? ही 'मैत्रीण' असं मुद्दाम म्हणाली का? चिमटा काढायला? कारण इंदूचं आणि माझं बोलणं नऊ वर्षांपासून पातळ झालंय, हे आमच्या ओळखीत सगळ्यांना ठाऊक होतं. माणूस गेल्याची बातमी आली आणि मी तिथं उभी राहून शब्दाचा वास घेत होते. माझा हंडा भरून वाहायला लागला तेव्हा मागच्या बाईनं नळ बंद केला.

त्याच्या दोन महिने आधी मी तिला बघायला गेले होते. पोटाचं दुखणं होतं, पार वाळून गेली होती. खिडकीपाशी खाट, उशाला औषधाच्या बाटल्या, आणि उशीखालून खाकी कव्हर घातलेल्या पुस्तकाचा कोपरा डोकावत होता. मी तो लगेच ओळखला. ती म्हणाली, "पारू, सहावा भाग आनलाय परत. दोन पानं वाच की." मी म्हणाले, "मला आता दिसत नाही गं बारीक." त्या दिवशी सकाळीच मी चष्म्याशिवाय सुईत दोरा ओवला होता. ती माझ्याकडं बघत राहिली… मग म्हणाली, "बरं. डोळं बरं झालं की ये." ते तिचं माझ्याशी शेवटचं बोलणं.

आता हे सहाव्या भागाचं काय, ते सांगते. आमचे हे कंपनीत फौंड्रीत लागले तेव्हा आम्ही चिंचवडला खोली शोधत होतो. आम्ही बौद्ध. खोली आहे का विचारलं की आधी 'आहे' यायचं, मग आडनाव विचारायचे, मग 'मालक गावाला गेलेत' यायचं. किती मालक गावाला गेले होते त्या वर्षी, बघा. इंदूच्या सासरची जमीन कंपनीत गेलेली, रामभाऊंना त्याच कंपनीत फिटरचं काम मिळालेलं, आणि घराच्या मागं त्यांनी कामगारांसाठी सहा खोल्या काढल्या होत्या. आडनाव ऐकून तिच्या सासूबाई आत गेल्या. इंदू बाहेर आली आणि म्हणाली, "चौथी खोली रिकामी हाय. दार फुगलंय, पावसाळ्यात लागत न्हाई, चालंल का?" बस. दार खरंच लागत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी ती माझ्याकडं चहाला आली. मी कप पुढं केला आणि तिच्या हाताकडं बघत राहिले. तिनं चहा संपवला, कप पालथा घातला आणि म्हणाली, "साखर कमी हाय." तुम्ही म्हणाल, झालं, आणखी काय हवं. पण ती गेल्यावर कप घासताना मला वाटलंच, ही दाखवायला तर प्यायली नसेल? आम्हाला संशय कुणी शिकवावा लागत नाही हो. आईच्या दुधातून नाही, दुसऱ्यांच्या ओसरीवरून येतो तो. तो कामाचा असतो, पुष्कळदा वाचवतो. एवढंच की तो राखणीच्या कुत्र्यासारखा असतो, घरच्यावरही भुंकतो.

मी शाळेत गेलेली नाही. अक्षरं मी बसच्या पाट्यांवरून शिकले. पिंपरी, चिंचवड, निगडी. 'पिं' आणि 'चिं' दोन्हीकडं सारखं काय आहे ते शोधत बसायची. इंदू सातवी झालेली. गावठाणात तात्या म्हणून एक गृहस्थ होते, त्यांनी आपल्या पुढच्या खोलीत वाचनालय काढलं होतं, तिथं तिनं कार्ड काढलं. एका कार्डावर एक पुस्तक. दुपारी पुरुष पाळीला आणि पोरं शाळेत गेली की ती माझ्या खोलीत यायची, तांदूळ निवडायला बसायची आणि वाचायची. तेव्हा त्या 'सात दारांचा डोंगर'चं फार वेड होतं. सात भागांची गोष्ट, एका भागात डोंगराचं एक दार उघडायचं आणि आत वेगळाच मुलूख. माणसांची नावं चोरणारी राणी, सावली हरवलेला नावाडी, आणि डोंगर चढत जाणारी कुंभाराची लेक. पहिला भाग मी नुसता ऐकला. दुसऱ्याला तिच्या बोटामागं माझे डोळे. तिसऱ्यात मी मधलं एखादं वाक्य वाचायला लागले. पाचव्या भागापासून आमचा नेम ठरला, एक पान तिचं, एक पान माझं. आणि दुसरा नेम असा की एकटीनं पुढं वाचायचं नाही. तिनंच घातला होता तो. "तू न्हाईस तवा मी उलटनार न्हाई, मी न्हाई तवा तू उलटायचं न्हाई." माझं पान बैलगाडी, तिचं पान रेल्वे. 'क्ष्मी' आणि 'ष्ट्र' आले की माझी गाडी चिखलात. ती मात्र कधी शब्द पुढं ढकलायची नाही. तांदळातले खडे वेचत थांबायची.

येता-जाता रामभाऊ टोमणा मारायचे. "काय बाया, मेला का राक्षस?" किंवा, "पोरांची पुस्तकं वाचता आन पोरं उन्हात फिरत्यात." इंदू म्हणायची, "जावा तुमी कामावर. तुमच्या सायबाला नाव चोरनारी राणी भेटू दे, तुमची हजेरीच लागायची न्हाई." ते हसत जायचे. मोठा रागीट माणूस नव्हे, पण कंपनीत गटाचा पुढारी, चारचौघांत छाती काढून चालणारा.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं कळायचं नाही. तात्यांच्या वाचनालयातल्या बायका पुस्तकात खूण करायच्या. कव्हरं सगळी खाकी, नावं लक्षात राहत नाहीत, तेव्हा वाचलेलं पुस्तक परत घरी येऊ नये म्हणून एक ठरलेलं पान आणि एक ठरलेली खूण. कुणाची फुली, कुणाचं स्वस्तिक. इंदूची खूण म्हणजे चाळिसाव्या पानावर आकड्याखाली पेन्सिलचं टिंब. पुस्तक वाचून संपलं की करायची, आधी नाही. तात्या ओरडायचे, पण त्यांना कधी कुणाची खूण सापडली नाही.

सहावा भाग आला तेव्हा तात्यांनी तो आमच्यासमोर गठ्ठ्यातून काढला, शिक्का मारला आणि पहिल्यांदा आम्हालाच दिला. नवा कोरा. चौथ्या दिवशी आम्ही चाळिसाव्या पानावर पोचलो. माझी पाळी होती. पान उघडलं, आणि आकड्याखाली टिंब.

पेन्सिलचं नव्हतं, टोचलेलं होतं. मी म्हटलं, पेन्सिल सापडली नसेल, सुईनं टोचलं असेल. इंदू माझ्या शेजारी सुपात मान घालून बसली होती. तिनं बघितलं नाही, किंवा बघितलं नाही असं दाखवलं. मी पान वाचलं. काय वाचलं ते आजही आठवत नाही. डोक्यात एकच, हिनं हे पुस्तक चार दिवसांत एकटीनं वाचून संपवलंय. आणि आता माझ्याबरोबर बसून प्रत्येक वळणाला 'अगं बया' म्हणतेय. म्हणजे ते 'अगं बया' खोटं. मग पाचव्या भागातलं? चौथ्यातलं? मला शिकवायचं म्हणून, या बिचारीला सोबत द्यायची म्हणून, शिळं अन्न गरम करून ताजं म्हणून वाढत होती की काय?

विचारायचं होतं ना सरळ, असं तुम्ही म्हणणार. विचारलं नाही. विचारलं की समोरचा गोड हसतो आणि आपण आणखी लहान होतो, हे मी फार बघितलेलं. मी पुरावा गोळा करायला लागले. एका दुपारी रामभाऊ दारातून म्हणाले, "काय, आला का आंधळा घोडा?" आमच्या गोष्टीत तोवर घोडाच नव्हता. मी मनाशी धरून ठेवलं. पुढं सत्तर पानांनी घोडा आला, वासावरून वाट ओळखणारा, दोन्ही डोळ्यांनी आंधळा. म्हणजे ही वाचते आणि नवऱ्याला सांगते, आणि दोघं मागच्या खोलीतल्या बाईवर हसतात. तेवढ्यात इंदू म्हणाली, "अगं बया, आंधळा?" आणि सुपातला हात तसाच थांबला. काय सुरेख करते सोंग, असं मला वाटलं.

मग मी परीक्षा घेतली. माझ्या पानावरचा एक सबंध परिच्छेद गाळला. तो घोडा ओढ्यात नावाड्याची टोपी ओळखतो आणि पाय रोवून उभा राहतो, असा तो भाग होता. जिनं आधी वाचलंय तिला मध्ये खड्डा लागणारच. मी गाळून पुढं गेले आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघितलं. इंदू काही बोलली नाही. थोडं थांबून एवढंच विचारलं, "मग त्यो नावाडी परत फिरला कसा?" मी म्हणाले, "फिरला." ती "असं व्हय" म्हणाली आणि गप्प बसली.

आता बघा माझं डोकं कसं चाललं. बोलली असती तर पकडली गेली असती. बोलली नाही, तर मी म्हटलं, हिला गाळलेलं कळलंय, पण पारूला जोडाक्षर आलं नसेल, लाजेल बिचारी, म्हणून पोटात घातलं. नवऱ्याच्या तोंडून आलेला घोडा तिचा गुन्हा, आणि तिचं न बोलणंही गुन्हाच. निर्दोष सुटायला मी तिला एक फट ठेवली नव्हती.

दोनशे तेराव्या पानाच्या तळाशी नावाडी डोहाच्या काठी आपल्या सावलीला हाक मारतो. शेवटची ओळ, 'सावली वळली आणि'. पुढचं पान माझं होतं. मी पुस्तक मिटलं. म्हणाले, "उद्यापासून मला जमायचं नाही, शिवणाचं काम घेतलंय."

"मग परवा?"

"परवाही नाही."

तिनं हिरव्या खणाची एक चिंधी काढून त्या पानात घातली. "बरं. तुझी सवड झाली की." तिच्या तोंडावर काय होतं ते मी बघितलंच नाही, कारण मला तिथं काही खरं दिसणार नाही अशी माझी खात्री होती. पुढच्या वर्षी आम्हाला आकुर्डीला जागा मिळाली. चिंचवडहून एक स्टेशन. एका स्टेशनाचं अंतर नऊ वर्षं पुरलं.

तर इंदू गेली. मी चिंचवडला जाऊन फुलं वाहिली, परत आले. तिसऱ्या आठवड्यात रामभाऊ माझ्या दारात. लोकलनं आले होते, हातात कापडी पिशवी. आता थकलेत, छाती आत गेली आहे. चहा घेतला, साखर बरोबर आहे म्हणाले, आणि पिशवीतून ते खाकी पुस्तक काढून माझ्यासमोर ठेवलं. दोनशे तेरावर तीच हिरवी चिंधी, उडलेल्या रंगाची.

"वैनी, हे तुमचं हाय. तिनं पुढं वाचलं न्हाई."

मी म्हणाले, "भाऊजी, तिनं ते नऊ वर्षांपूर्वीच वाचलं होतं. मला माहीत आहे." एवढी वर्षं जे दाताखाली धरलं होतं ते असं सुटलं. आणि मी पुस्तक उघडून चाळिसावं पान त्यांच्यापुढं धरलं.

त्यांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. मग कानामागं खाजवलं आणि म्हणाले, "ते माझं हाय."

मी पुस्तक माझ्याकडं ओढलं.

"रातच्या तिसऱ्या पाळीला न्यायचो डब्याच्या पिशवीतनं. जेवनाच्या सुट्टीत. पाचव्या भागापातूर तुमच्या मागनं वाचत आलो, ह्या सहाव्याला मात्र दम निघंना. चार दिसात संपवलं. आन संपलं की टिंब, हे तिचं बगून शिकलो. हातात पेन्सिल कुठली, लोखंडावर रेघा मारायचा स्क्रायबर हुता. बगा की, भोक पाडायच्या आधी मारतो तसं हाय." आणि खरंच, खिडकीच्या उजेडात पान तिरकं धरल्यावर दिसलं, टिंबातून दोन बारीक रेघा एकमेकींना छेदून गेल्या होत्या. फिटर लोखंडावर भोकाची जागा आखतो तशी फुली, आणि बरोबर मधोमध टोच. सुईनं टोचणारी बाई कशाला रेघा आखेल? पानांना मशिनच्या तेलाचा वास येतो हेही मला तेव्हा जाणवलं होतं. मी म्हटलं होतं, आपल्या गावात कशाला येत नाही.

"मग सांगितलं का नाही?"

"सांगू कसं? इतकी वर्सं तुमास्नी हसलो. गटातली पोरं काय म्हनली असती, फिटर परीची गोष्ट वाचतो. एकदा घोडा तोंडातनं निसटला, वाटलं, आता घावलो. तुमी काय बोलला न्हाई." त्यांनी पानातली चिंधी बोटानं सरळ केली. "आजारपनात तिला म्हनलं, मी वाचलंय, पुढं काय झालं सांगतो, उगं जीव अडकाया नको. तर तिनं कानात बोटं घातली. म्हनली, पारूचं पान हाय ते."

यावर मी रडले असं तुम्हाला वाटत असेल. नाही. मला वाटलं, हा माणूस बायकोवरचा आळ स्वतःवर घेतोय. मेलेल्या माणसासाठी लोक खोटं बोलतात, चांगले लोक तर हमखास. मी म्हणाले, "थांबा, एक पान वाचून दाखवते तुम्हाला, तिची आठवण म्हणून." ओढ्याचं पान काढलं. वाचत गेले, आणि तोच परिच्छेद गाळून पुढच्या ओळीवर उडी मारली.

एक शब्दही पुढं जाऊ दिला नाही त्यांनी. "ओ वैनी, मधलं ऱ्हायलं की. घोडं टोपी वळखतंय, ते वाचा. त्याच्याबिगर नावाडी फिरंल कसा?"

तोच प्रश्न. नऊ वर्षांपूर्वी तिनंही हेच विचारलं होतं, नावाडी फिरला कसा. ज्यानं वाचलंय त्याला मधलं काय ते माहीत होतं, ती मात्र खरोखर विचारत होती. तिला काही माहीतच नव्हतं. मी तिच्यासमोरून एक आख्खा परिच्छेद चोरला, आणि ती 'असं व्हय' म्हणून गप्प बसली, कारण तिला वाटलं, पारू वाचतेय म्हणजे तसंच असणार.

तेव्हा रडले. रामभाऊ उठून दारात जाऊन उभे राहिले, रस्त्याकडं बघत.

आता राहिली एक शंका, ती मात्र कुणी सोडवायची नाही. 'डोळं बरं झालं की ये,' असं ती म्हणाली, तेव्हा तिला माझं खोटं कळलं होतं का? कळलं असेल तर ती टोमणा मारत होती की वाट उघडी ठेवत होती… मी दोन्ही बाजूंनी उलटून बघते. सवय जात नाही. एवढं मात्र ठरवलंय की आता शेवट तिच्या बाजूनं करायचा.

पुस्तक इथं माझ्या शिवणाच्या मशिनवर आहे, चिंधी दोनशे तेरावरच. पान उलटलेलं नाही. सावली वळली आणि… पुढं काय ते मला ठाऊक नाही, इंदूलाही नव्हतं. परवा तात्यांकडं जाऊन सातवा भागही आणला. तात्यांनी विचारलं, कुठल्या कार्डावर लिहू? तिचं नाव त्यांनी अजून खोडलेलं नाही. मी म्हणाले, तिच्याच.

आणि भाऊजी, तुम्ही लेकीकडं चाकणला जाऊन बसलात, तरी ही पुरवणी वाचणार हे मला पक्कं माहीत आहे. कुणी बघत नाही असं बघून, चहाच्या कपाआड धरून वाचत असाल. सहाव्याचं माझं पान मी तुमच्यासमोर वाचेन, पुढचं इंदूचं, ते तुम्ही वाचायचं, आणि माहीत असलं तरी 'अगं बया' म्हणायचं. सातवा त्याच्यानंतर. त्याचं चाळिसावं पान मी रोज उघडून बघते, आकड्याखाली अजून कोरं आहे. तुमच्या पिशवीत दुसरीकडून आणलेली प्रत नाही ना, तेही आल्यावर बघणार आहे. तर लवकर या. दुपारचे या, तांदूळ निवडायचे आहेत.